अण्णांचं पाखरू

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धाकट्या भावाने आमच्या वडिलांना, अण्णांना, माझ्याकडे आणून सोडलं. पंधरा दिवसांनी नेतो म्हणाला आणि चार महिने फिरकला नाही. नवरा गेल्यापासून नाशकात द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहते, शाळेत शिकवते. अण्णा सकाळी आवरून गेटपाशी खुर्ची टाकून बसायचे. आमच्या गावाच्या, सायखेड्याच्या बाजूने येणारी प्रत्येक पांढरी गाडी त्यांना भावाचीच वाटायची.

कुंपणावरच्या मधुमालतीत बुलबुलाचं घरटं होतं. एके दिवशी मी शाळेतून आले, तर वेलाखाली पिसं विखुरली होती. मांजराने मोठं पाखरू नेलं होतं. घरट्यातलं एक पिल्लू मरून पडलेलं, दुसरं चोच वासून ओरडत होतं. अण्णांनी ते ओंजळीत घेतलं आणि मला म्हणाले, "बुटाचं खोकं दे. कापूस नको, नखं अडकतात. जुनं धोतर फाड."

त्या दिवसापासून त्यांनी गेटकडे पाहणं सोडलं. मोकळ्या प्लॉटवर वाकून वाकून ते नाकतोडे धरायचे, पाय मोडून चिमट्याने भरवायचे. उकडलेल्या अंड्याचा बलक, पिकल्या पपईचा गर, सगळं थोडं थोडं, अर्ध्या अर्ध्या तासाने. पाणी चोचीत सोडू द्यायचे नाहीत, ठसका लागतो म्हणायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. "खा रे बाळा. लय भूक लागली का माझ्या सोन्याला?"

बाळा. सोन्या. हे शब्द अण्णांना येतात, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. लहानपणी मला विषमज्वर झाला होता. आई एकटीच मला एसटीने नाशिकला घेऊन आली, कारण टोमॅटोची तोडणी चालू होती. आम्ही परतलो तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. आलात का, म्हणाले, आणि वासरू सुटलंय ते बांध म्हणून मला पाठवलं.

पिल्लाला पिसं फुटली, डोक्यावर तुरा आला. खुर्चीच्या पाठीवरून अण्णांच्या खांद्यावर उडी मारायला ते शिकलं. आणि नेमका त्याच आठवड्यात भाऊ आला. लागवड सुरू होती, दोघं नवरा-बायको दिवसभर मळ्यात, घरी राखणीला माणूस हवं होतं. अण्णांनी पिशवी भरायला दहा मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. जाताना मला एवढंच म्हणाले, "त्याला बघ."

मी बघितलं. मधल्या सुट्टीत रिक्षाने घरी येऊन भरवलं, नाकतोडे धरताना गुडघे सोलून घेतले. ते उडायला लागलं तशी खिडकी उघडी ठेवायला लागले. ते बाहेर जायचं आणि हाक मारली की परत यायचं. पण भीती कशाची बाळगायची, हे त्याला शिकवणारं कुणी नव्हतं. एका संध्याकाळी ते कुंपणाच्या भिंतीवर उतरलं. शेजारीच मांजर बसलं होतं. पाखरू त्याच्याकडे मान वाकडी करून पाहत राहिलं. मी ओरडत धावले, पण उशीर झाला होता.

अण्णांचा फोन आठवड्याला यायचा. तू कशी आहेस, हे कधी नाही. पाखरू खातंय का, एवढंच. या वेळी मी खरं सांगितलं.

"एवढंसं पाखरू," ते म्हणाले, "तुला नीट बघता आलं नाय."

मला खूप काही बोलायचं होतं. तेवढ्यात त्यांनी फोन भावाकडे दिला. भावाला पाखराचं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "ताई, लागवड उरकली. अण्णांना खोकला सुटत नाही, इकडे कोण बघणार? तुझ्याकडे आणून सोडतो."

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि "आण" म्हणाले.

ते आले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांचं औषध, गरम पाणी, मऊ भाकरी सगळं वेळेवर करते. ते जेवतात, बरं झालंय म्हणतात. ते कौतुक भाजीचं असतं. पाखराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढत नाही, कारण काढला तर मी काय बोलेन याची मला खात्री नाही.