डब्यावर बसलेला गाळ

नौपाड्यातली ती शुक्रवारची दुपार आठवली की आजही माझा हात कपाळाला जातो. एका निर्दोष बाईला मी अटक करायला निघालो होतो.

एका सोसायटीतलं कुटुंब सोमवारी लग्नाला नाशिकला गेलं होतं. घरी फक्त कॉलेजात शिकणारा भाचा. शुक्रवारी मंडळी परतली, तर सोमवारी निघताना कपाटात ठेवलेला दागिन्यांचा स्टीलचा डबा गायब! तक्रार लिहून होते तोच निनावी फोन आला. "त्यांची कामवाली सकाळी पाण्याच्या टाकीचं झाकण उघडत होती."

जमिनीखालच्या त्या टाकीत टॉर्च मारला, तर तळाशी डबा. मी खूश! महिला शिपायाने बाईंना बोलावून आणलं.

"साहेब, मी रविवारपासून गावी होते, चिपळूणला. आज सकाळीच आले. पंप बंद होता, म्हणून बादलीभर पाणी काढलं."

"सगळे असंच सांगतात," मी खेकसलो. स्वभावच तापट माझा.

बाई रडल्या नाहीत. "पाच घरची कामं आहेत माझी. आज जीपमध्ये बसवलंत, तर उद्या एकही घर मला दारात उभं करणार नाही. पोरगी दहावीला आहे हो."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पंच आले, हवालदाराने डबा ओढून काढायला लोखंडी गळ आणला. टाकीत उतरायला कोलशेतचे एक म्हातारे काका बोलावले होते. टाक्या साफ करण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते एकदम ओरडले, "सायेब, पानी ढवलू नका!"

"आता तपास तुम्ही शिकवणार?"

"नाय सायेब. पन डब्याच्या झाकनावरचा गाल बगा ना."

बुधवारी पाइपलाइनच्या दुरुस्तीनंतर सोसायटीत चहासारखं गढूळ पाणी आलं होतं. काकांनी शांतपणे समजावलं. रेती लगेच खाली जाते, पण पिठासारखा बारीक गाळ दीड-दोन दिवस पाण्यात राहतो आणि हळूहळू बसतो. आता पाणी नितळ होतं. तळावर आणि डब्यावर गाळाचा सारखाच थर होता, कुठे विसकटलेला नाही. डबा सकाळी टाकला असता, तर झाकण जवळपास स्वच्छ दिसलं असतं. म्हणजे तो बुधवारच्या आधीपासून तिथे होता. गळ फिरला असता तर हे काहीच उरलं नसतं.

फोटो काढले, थराची पंचनाम्यात नोंद केली, मगच डबा वर घेतला. बाईंच्या पिशवीत एसटीची दोन्ही तिकिटं निघाली.

पोलीस ठाण्यात भाच्यासमोर फोटो ठेवला. "बुधवारच्या आधी घरात कोण होतं रे?"

त्याने फोटो उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "सर, मामांना सांगू नका ना." डबा टाकीत त्यानेच लपवला होता आणि निनावी फोनही त्याचाच. बाईंना टाकीपाशी पाहिलं आणि त्याला आयतीच संधी मिळाली.

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात सगळ्यांसमोर मी बाईंची हात जोडून माफी मागितली. "चारचौघांत बोललात, बरं केलंत साहेब," एवढं म्हणून त्या राहिलेल्या कामाला जिना चढून गेल्या.

काकांचे आभार मानले, तर ते लाजले. "मी काय केला? पानी हलू दिला नाय, बस."

पुढे कितीही उघड दिसणारी केस आली, तरी अटकेच्या कागदाला हात लावण्याआधी मी एक चहा घ्यायचो आणि सगळं पुन्हा वाचायचो. ही सवय काकांची देणगी.

दहावीचा निकाल लागला तेव्हा बाई लेकीला घेऊन आल्या. माझ्या हातावर एक पेढा ठेवला. मग पिशवीतून पेढ्यांचा भरलेला डबा काढला.

"हा टाकीवाल्या काकांचा. पोचवाल ना साहेब?"

मी स्वतः कोलशेतला जाऊन पोचवला.