आप्पांना घरी आणायची घाई

दौंड स्टेशनवर आप्पांनी डब्यात चढून माझी बॅग सीटखाली सरकवली आणि उतरून खिडकीशी उभे राहिले. गाडी हलली तसे म्हणाले, "जा बाई. माणसानं लांबचं रान बगावं." मी रडत होते आणि माझा बाप चक्क खुशीत. मला त्यांचा रागच आला होता.

त्याला अकरा वर्षं झाली. चेन्नईत गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. शिफ्ट, ऑडिट, तमिळ पोरांचं 'सरी अक्का', म्हणजे 'बरं ताई', यांत दिवस जातो. गावी, आपल्या कवठ्यात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं पोटासाठी बाहेर पडलेल्यांनो, खोटं कशाला बोलू? मला अजून इथं करमत नाही.

गावातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेऊन जीवनकथांचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा आप्पांची कथा मी हट्टानं मागून घेतली. दर रविवारी फोनवर त्यांना बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं, मग लिहून काढायचं. आप्पांची उमेदीची वर्षं मेंढरांमागं गेली. सालं त्यांना ठाऊक नाहीत. कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली, त्यावरून सगळं आठवतं. "भांडगावला बसलो व्हतो, तवा तुजा भाऊ झाला." असं सगळं इकडचं तिकडं. मी शहाणीनं त्याला क्रम लावला: जन्म, लग्न, भटकंती आणि मग मेंढरं विकून कवठ्यात बांधलेलं घर. शेवटी झोकात लिहिलं, 'अखेर पायांना विसावा मिळाला.' लिहिताना माझेच डोळे भरून आले.

ज्याची कथा त्यानं हो म्हटल्याशिवाय ती छापायची नाही, असं ठरलेलं. म्हणून व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवली. 

"समदं खरं हाय," आप्पा म्हणाले. "पन तू मला लई लवकर घरी आणलंस."

"म्हणजे?"

"घर तुमच्या साळंसाठी बांधलं, बाई. मला कुठं करमलं? दिवाळी सरली की मेंढरं घिऊन निघायचो, अजून तवा पाय वळवळत्यात. ह्ये लिव्ह, मंग छापा."

विसावा मला हवा होता आणि मी तो आप्पांच्या नावावर लिहून मोकळी झाले होते. बाकीच्यांच्या कथा कधीच छापायला गेल्या, आमचीच अडली आहे. पुन्हा लिहायला बसते, तर आप्पा भांडगावच्या रानातून पुढं सरकतच नाहीत. घरापाशी आले की माझा हात थांबतो. मी ज्या घरासाठी इथं झुरते, त्याच घरात बसून आप्पा इतकी वर्षं झुरत होते, आणि आम्हाला कुणालाच ते कळलं नाही.