ठिपकेबुवांचे बाक

आमच्या नगररचना कार्यालयात मी अठ्ठावीस वर्षं नकाशे काढले. माझी रेघ म्हणजे रेघ. केसभर इकडची तिकडे नाही. तरी रस्ता आखायचा म्हटला की साहेब आधी ठिपकेबुवांना हाक मारायचे. हा माणूस माझ्यानंतर सात वर्षांनी आला, शेजारच्या टेबलावर बसला आणि पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत सलू लागला.

त्यांची रेघ वाकडी. पण नकाशा काढण्याआधी ते आपल्या थकलेल्या सासूबाईंना घेऊन त्या रस्त्यानं चालायचे. म्हातारी जिथं दमून थांबेल तिथं कागदावर ठिपका. "जावई मला फिरायला नेतो की मोजायला, तेच कळत नाही," असं ती सगळ्यांना सांगायची. ऑफिसात हसू व्हायचं. मी जरा जास्तच मोठ्यानं हसायचो.

मग शहराचं नवं धोरण लिहायला घेतलं. ठिपकेबुवांनी त्यात एक कलम घातलं: नव्या रस्त्यावर माणूस जिथं दमतो तिथं, सावलीत, बाक हवा; आणि जागा चालून बघूनच ठरवायची. सोबत नमुना म्हणून बाजाररस्त्याचा नकाशा, एकोणीस ठिपक्यांचा. साहेबांनी भर बैठकीत त्यांची पाठ थोपटली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नकाशा पक्का करायचं काम मात्र माझ्याकडे आलं. ठिपके कसेही विखुरलेले. दोन अगदी जवळ, मग लांबवर काहीच नाही. मी सगळे खोडले आणि शंभर-शंभर मीटरवर एकेक बाक मांडला. कागद कसा देखणा दिसू लागला! कलमातलं "सावलीत" आणि "चालून बघून" काढलं, "समान अंतरावर" लिहिलं. नीटनेटकेपणासाठी, असं साहेबांना सांगितलं. खरं कारण माझ्या पोटात होतं. साहेबांनी सही केली.

ठिपकेबुवा तो नकाशा बराच वेळ बघत राहिले. भांडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ते एवढंच म्हणाले, "बाक नियमात आले, हेच पुष्कळ. रेघ काय सुंदर आहे हो तुमची!"

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं ते निवृत्त झाले, मीही झालो. परवा बायकोबरोबर बाजाररस्त्यानं येत होतो. तिचे गुडघे हल्ली कुरकुरतात. मागचा बाक उन्हात तापलेला, पुढचा लांब. औषधांच्या दुकानापाशी ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"अहो, इथं बसायला काही असतं तर!"

इथं होतं. अकरावा ठिपका. मीच खोडला होता.

तीच पुढं म्हणाली, "तुमच्या त्या ठिपकेबुवांना सांगा ना. त्यांना बरोबर सुचलं असतं."

खरं सांगतो, तिच्या गुडघ्यांच्या आधी मला ते नाव झोंबलं.