पाण्यात जाणारा भाग

मंगळवारी कॉलेजात माझा पहिला रिव्ह्यू झाला आणि मी भर वर्गात स्वतःची फजिती करून घेतली... निदान तेव्हा तरी मला तसंच वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... चाळिशी ओलांडल्यावर यंदा मी एम.एफ.ए.ला ॲडमिशन घेतली आहे. नवीन पनवेलच्या घरी, हॉलमध्ये मुलांचे ड्रॉइंगचे क्लास घेता घेता इतकी वर्षं गेली, आणि मग एका ट्रस्टची स्कॉलरशिप मिळाली म्हणून हे धाडस केलं. अट एकच, दर सत्राचा रिव्ह्यू चांगला गेला पाहिजे. नाही गेला तर स्कॉलरशिप बंद, आणि मुलाची बारावी तोंडावर असताना माझं कॉलेजही बंद.

माझं माहेर मोऱ्याचं, समुद्रकाठच्या कोळीवाड्यातलं. बाबा बोटी रंगवतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा नाव, मासे, वेलबुट्टी सगळं नव्याने काढायचं. लहानपणापासून मी त्यांच्या हाताखाली आहे... लग्नानंतरही एक पावसाळा चुकवलेला नाही.

तर रिव्ह्यूला मी माझी मोठी चित्रं लावली. मोऱ्याचा धक्का, पनवेलचा मासळी बाजार, आमच्या सोसायटीची गच्ची वगैरे. वर्गातली साक्षी माझ्या निम्म्या वयाची आहे, मला ताई म्हणते. तिने आधीच पढवून ठेवलं होतं, "ताई, परीक्षक काहीही बोलले तरी फक्त मान डोलवायची."

बाहेरून दोन परीक्षक आले होते, एक सर आणि एक वयस्कर मॅडम. सर चित्रांसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "प्रत्येक चित्रात खालचा भाग रिकामा सोडून नुसता लाल पट्टा दिलाय तुम्ही. हे विस्थापन आहे ना? बंदर, विमानतळ, गेलेल्या जमिनी... पायाखालचं काढून घेतलेलं?"

मी चित्रांकडे बघितलं. खरंच की! बाजारात मासेवाल्यांच्या पाट्यांखाली लाल पट्टा. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांखालीसुद्धा लाल पट्टा. इतके महिने तो मला दिसत होता, पण प्रश्न कधी पडला नव्हता.

साक्षी मागून मान डोलवण्याच्या खुणा करत होती. सरांचं उत्तर इतकं छान होतं की मलाही ते आपलंसं करावंसं वाटलं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं... पण तोंडातून निघालं, "नाही सर. तो भाग पाण्यात जातो."

मग मला सगळं सांगावंच लागलं. बोटीचा जो भाग पाण्याखाली राहतो त्यावर कुणी नक्षी काढत नाही, तिथे लाल रंगाचा एक जाड हात मारायचा आणि पुढे जायचं. हाताला तेच वळण लागलंय, म्हणून गच्चीलाही मी बोटीसारखंच रंगवलं. मागे पोरं खो खो हसली. सरही हसले, पण वहीत काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "मग त्या खालच्या भागाचं काम करायचं कोण?"

"आई," मी म्हटलं.

आम्ही रंगाचे डबे घेऊन पोचायच्या आत बोटीचा तळ खरवडून तयार असायचा. चिकटलेले शिंपले, शेवाळ, जुना रंग, सगळं आई आणि काकू कललेल्या बोटीखाली आडव्या होऊन काढायच्या. बोट पाण्यात गेली की लोक नावाचं कौतुक करायचे, बाबांचं करायचे, माझंही करायचे. हे मी कसंबसं सांगितलं आणि डोळे पुसत खाली बसले. साक्षीने पाण्याची बाटली पुढे केली.

संध्याकाळी कॉलेजातल्या माझ्या गाइड सरांचा फोन आला. पास! स्कॉलरशिप चालू. मॅडमनी एवढंच सांगितलंय म्हणे, की पुढच्या सत्रात त्यांना खालचा भाग बघायचाय.

शनिवारी मोऱ्याला गेले. बाबांना गच्चीचा किस्सा सांगितला तर ते हसून हसून बेजार. आई कोलंबी सोलत बसली होती. तिला म्हटलं, आई, खरवडायच्या आधी बोटीचा तळ कसा दिसतो ते मला नीट सांग, मला आता तोच रंगवायचाय.

"मना काय म्हाईत?" ती म्हणाली. "मी कवा बगितलाच नाय गो. वरशी सगला कचरा डोल्यान परतो. डोले मिटूनच घासायची."

आयुष्यभर केलेलं काम... आणि तिने ते पाहिलेलंच नाही.

मग तिने हात धुतले, पदराला पुसले, डोळे मिटले आणि उजवा हात डोक्यावर उचलून हवेतच फिरवायला लागली. "हितं शिपले लय... हितं मऊ लागतं, शेवाल... हितं फली जोरलेली हाय, हितं जपून, हात कापतो." बाबांचं हसणं थांबलं होतं. मी नुसती तिच्या हाताकडे बघत होते.

ज्या ट्रस्टने या वयात मला पुन्हा विद्यार्थिनी केलं, त्यांचे आभार. ज्यांनी तो प्रश्न विचारला त्या मॅडमचे तर फारच. उद्या ओहोटीला शेजारच्यांची बोट तळ साफ करायला कलती करणार आहेत, आईसोबत मीही खाली जाणार आहे... कॅमेरा घेऊ का विचारलं, तर म्हणाली, "कॅमेरा कशाला? डोले मीट आनि हात लाव."