तेल दाखवायचं, पाजायचं नाही

मामांकडे योयो घेऊन जाणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी ऐकायला मिळायचं ते 'चूप'. नमस्कार नाही, या-बसा नाही. समोरचा तक्रार सांगायला तोंड उघडतो न उघडतो तोच मामा डावा हात वर करायचे, योयोच्या पोटातलं बेरिंग काढून पेन्सिलीच्या टोकावर चढवायचे, टिचकी मारून फिरवायचे आणि कानाशी धरायचे. हिंदी मुलखातल्या आमच्या गावच्या सराफ्यातली ती गल्ली. शेजारी सोनारांची ठोकाठोक, समोर ई-रिक्षांचे भोंगे, आणि त्या गोंगाटात हा माणूस बोटाच्या पेराएवढ्या लोखंडाचं म्हणणं ऐकत बसलेला. मग निकाल लागायचा. "सुताचा तंतू अडकला आहे." नाहीतर, "कोरडं पडलं, बिचारं ओरडून राहिलं." उघडून पाहिलं की तसंच निघायचं.

ते माझे सख्खे मामा, धंद्यानं घड्याळवाले. मोबाइल आले, लोक वेळ खिशातून काढून बघायला लागले, आणि गल्लीतल्या बाकीच्या घड्याळवाल्यांनी मुकाट्यानं मोबाइलची कव्हरं विकायला घेतली. मामांनी नाही घेतली. रोज कुलूप उघडायचं, भिंग पुसायचं आणि बसायचं. मामी म्हणायची, "घरी बसा ना हो." त्यावर ते म्हणायचे, "घरी कोण बिघडलं आहे?" मामीला हे उत्तर फार आवडायचं. ती ते चारचौघांत सांगायची.

योयो त्यांच्या टेबलावर मी आणला. पुण्याच्या हॉस्टेलात शिकले होते, आणि पस्तिशीला आल्यावरही विमा कंपनीच्या नोकरीतून सुटले की गच्चीवर खेळायची. नात्यातल्या बायका नाकं मुरडायच्या, "या वयात भोवरे फिरवते." मामा एकटे म्हणाले, "भोवराच तर आहे. फरक इतकाच, की हा परत येतो." खरं तर चांगला योयो नुसता परत येत नाही. तो खाली जातो आणि धाग्याच्या टोकाशी फिरत राहतो. आम्ही खेळणारे त्याला झोप म्हणतो. सगळ्या करामती त्या झोपेत करायच्या. आणि ती झोप असते बेरिंगच्या हातात. माझ्या योयोची झोप उडाली होती. मामांनी बेरिंगच्या कडेची तारेची कडी सुईनं उचलली, वरची चकती काढली, छर्रे पेट्रोलमध्ये खळखळून धुतले, मामीच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यावर वाळवले आणि सुईच्या टोकानं घड्याळाचं तेल लावलं. तेल लावलं म्हणजे मला दिसलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "मामा, अजून थोडं घाला की." ते एवढे चिडले! "तेल दाखवायचं असते, पाजायचं नाही. देवाला नैवेद्य दाखवतो ना, तसं. देव काय ताट चाटून पुसून खाते का?"

मी योयो खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि गावभरचे खेळणारे मामांकडे यायला लागले. इंजिनीअरिंगवाले आले, दोन डॉक्टर आले, महाराजपुरातल्या एक शिक्षिका आल्या, आणि जवळच्या पाटन गावचा एक बियाण्यांचा व्यापारी आला. तो स्वतःला ग्रुपचा म्होरक्या समजायचा. पहिल्याच दिवशी त्यानं मोटरसायकलच्या चेनचा फवारा मारून चिंब केलेलं बेरिंग आणलं होतं. मामांनी ते त्याच्याच रुमालावर ठेवलं. "भैया, ये बेरिंग है, जलेबी नहीं. चाशनी में काहे डुबोया?" सगळी गल्ली हसली. तोही हसला, पण त्याचं हसू ओठांच्या वर गेलं नाही. ते मी पाहिलं होतं.

मामांची एक खोड होती. दोष बेरिंगचा नसला तर ते बेरिंगची वकिली करायचे. कुणी म्हणालं, योयो थरथरतो, बेरिंग बदला, की मामा आस तपासायचे, दोन्ही तबकड्या तपासायचे, धागा तपासायचे, आणि म्हणायचे, "याला काहून शिव्या देऊन राहिले? हा तर बरोबर काम करून राहिला. आस वाकडी आहे." आणि मग ते निरपराध बेरिंग गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवून सांगायचे, "माफी मागा." लोक मागायचेसुद्धा! चाळीस वर्षं लोकांनी "मामा, घड्याळ मागे पडतंय" म्हणून त्यांनाच दोष दिला होता. आता कुठे कुणीतरी त्यांचा शब्द शेवटचा मानायला लागलं होतं. त्यांच्या चालण्यात फरक पडला होता. मान वर करून चालायचे.

आता तो प्रसंग सांगते. सांगताना अजूनही माझं डोकं फिरतं.

दरवर्षी खंडेनवमीला मामी महाराजपुरातल्या घरून दुकानात यायची. दुकान झाडायची, हत्यारं पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायची. त्या वर्षी पूजेत मांडायला तिनं तेलाच्या दोन बाटल्या घेतल्या. एक भरलेली, एक रिकामी. रिकामी बाटली देवापुढे ठेवायची कशी? अशुभ. म्हणून तिनं पर्समधलं खोबरेल तिच्यात ओतलं, कुंकवाचा ठिपका लावला, मनोभावे हात जोडले आणि मामांना सांगायचं विसरून गेली. मामांना वास येत नव्हता. त्या मोठ्या तापाच्या साथीत गेला तो परत आलाच नव्हता. भरलेली बाटली नोव्हेंबरअखेर संपली, आणि त्यांनी दुसरी उघडली. टेबलाच्या दिव्याच्या उबेला ठेवलेलं खोबरेल, काचेसारखं स्वच्छ. कोण ओळखणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शाळेच्या मैदानावर आमची स्पर्धा होती. बाहेरगावचे खेळाडू आलेले. नऊ जणांची बेरिंगं मामांनी आदल्या दुपारी तयार करून दिली होती, आणि दुपारच्या उबेत ती ठीक फिरलीही होती. थंडी अशी की हात खिशातून निघत नव्हते. आणि खोबरेलानं थंडीत जे करायचं तेच केलं. पाटनवाल्यानं योयो खाली सोडला. तो झोपलाच नाही, तडक वर येऊन त्याच्या बोटांवर आदळला. मग शिक्षिकांचा. मग माझा. एकामागून एक नऊच्या नऊ. बाहेरगावचे लोक तोंडावर हात ठेवून हसत होते. मामा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, कोट घालून. पाटनवाला भर मैदानात त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मामाजी, ये क्या कर दिया आपने?" मामांनी त्याच्या हातातून योयो घेतला, कानाशी धरला. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. बेरिंग काहीच बोलत नव्हतं.

दुपारी दुकानात त्यांनी माझं बेरिंग उघडलं. छर्र्यांवर तुपासारखा पांढरा थर. मी नाकाशी नेलं. "मामा, हे खोबरेल आहे हो!" त्यांनी बाटली उचलली, फिरवली. कुंकवाचा ठिपका समोर आला. त्या ठिपक्यावर त्यांनी अंगठा फिरवला. मी तावातावानं फोन काढला. ग्रुपवर तोवर काय काय येऊन पडलं होतं! 'मामा सठिया गए।' 'अब हाथ काँपता होगा।' पाटनवाल्यानं तर जिलबीचं चित्र टाकलं होतं. मी म्हटलं, "आत्ता लिहिते खरं काय झालं ते."

"नाही लिहायचं."

"काहून नाही? तुमची चूक नाही!"

"तिनं देवासमोर बसून भरली बाटली. आता जाऊन काय सांगू तिला? तुझ्या पूजेनं माझं नाव घालवलं म्हणून? ग्रुपवर लिहिलं की संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते." मग मला दम दिला, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." आणि बाटली केराच्या डब्यात टाकली.

बेरिंगसाठी वकिली करणारा माणूस! त्या मुक्या लोखंडाची माफी मागायला लावणारा! स्वतःच्या वेळी एक शब्द बोलला नाही. मी भांडले, रडले, दोन आठवडे त्यांच्याशी बोलले नाही. शपथ मात्र मोडली नाही. आजही मला वाटतं, मोडायला हवी होती.

लोक यायचे थांबले. नऊपैकी एकानंही विचारलं नाही की वर्षभर ज्याचा हात चुकला नाही, त्याचा हात एकाच दुपारी कसा चुकला. डॉक्टर लोक, शिकलेले लोक! नवीन बेरिंगं ऑनलाइन मागवायला लागले, आणि ती खराब झाली की फेकून द्यायला. मामा दुकान उघडत राहिले. मी शनिवारी मुद्दाम जायची, माझंच धडधाकट बेरिंग घेऊन. ते कानाशी धरायचे, म्हणायचे, "याला काय झालं? उगाच आणून राहिली." पण धुऊन द्यायचे. उन्हाळ्यात एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शेजारच्या सोनारानं फोन केला. ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं आली. पाटनवाल्यानं लिहिलं, 'आखिर में हाथ चला गया था, पर आदमी नेक थे।' मी तो ग्रुप सोडला.

तेराव्याचे पाहुणे उठल्यावर मामी माझ्याजवळ येऊन बसली. मामांचा फोटो समोर होता, हार थोडा कलला होता, तो तिनं सरळ केला. मग हळूच म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार ना, मामी."

"शेवटी शेवटी यांचा हात बिघडला होता ना गं? त्या स्पर्धेत काहीतरी झालं होतं म्हणतात. सोनाराच्या बायकोनं सांगितलं मला. मी यांना कधी विचारलं नाही. वाईट वाटलं असतं त्यांना. मी आपली माहीतच नाही असं दाखवत राहिले."

मला ओरडावंसं वाटलं. सगळं, पहिल्यापासून. बाटली, ठिपका, सगळं. माझ्यापुढे मामीचे ते डोळे, आणि गळ्याची शपथ घालणारा माणूस तर फोटोत जाऊन बसलेला. चाळीस वर्षांत ज्या हातात कुणाला खरी खोट काढता आली नाही, त्या हाताला त्याच्याच घरात, त्याच्याच फोटोपुढे बसून, मी बाद ठरवलं.

"हो मामी," मी म्हटलं. "वय झालं होतं त्यांचं."

"मला वाटलंच होतं," मामी म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.