होडी उलटवायला पाणी

पोंभुर्ण्याहून टेम्पो निघाला, तेव्हा मागे दोरांनी जखडलेली शिडाची छोटी होडी पाहून अख्खा चौक हसला. हसू द्या. रत्नागिरीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या शिडाच्या नावेवर मला जागा मिळणार होती. माझी पहिलीच समुद्रसफर. कप्तानाची अट एकच: होडी मुद्दाम उलटवायची, एकटीनं सरळ करायची, व्हिडिओ पाठवायचा. नाहीतर येऊ नको.

उलटवायला खोल पाणी हवं. आमच्याकडे ते आहे कुठं? नदीत वाळूवाल्यांनी डबकी ठेवलीत. गावतळ्यात ढिवरांनी (मासेमारांनी) लावलेले शिंगाडे, तिथं होडी घालणं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय. राहिली वरोऱ्यापलीकडची सोडून दिलेली, पाण्यानं भरलेली कोळसा खाण. जिच्याविरुद्ध मी पत्रकं वाटली, तीच.

वरोऱ्यात सलीमभाईंनी तर्रीपोहे (तिखट रश्शाचे पोहे) खाऊ घातले. ते ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात. माझं फाटकं शीड त्यांनी जोडलं होतं, वर तिन्ही कडांना पितळी कड्या ठोकल्या होत्या.

"इतक्या कड्या काऊन, भाई?"

"कोयसा उडू नये म्हनून. आदत है, बाई!"

खाणीच्या काठावर मारोतीभाऊ शेळ्या चारत होते. इथंच त्यांचं कापसाचं वावर (शेत) होतं.

"नाव घेऊन कुठी चालली व, बाई?"

"समुद्रावर, भाऊ. आधी इथी बुडाचं हाये."

"मंग बराबर जागा धरली. इथी आमी सारेच बुडलो."

मोबाईल त्यांच्या हाती दिला, जाकीट बांधलं. खड्ड्यात वारा उतरतच नव्हता. शीड ओल्या धोतरासारखं लोंबलं. शेवटी कडेला लटकून अंगाच्या भारानंच होडी उलटवली. पाणी काळं, गार. नाकातोंडात गेलं. तळातून बाहेर निघालेल्या फळीवर चढताना घसरले, पुन्हा चढले, सगळा भार मागं टाकला. होडी उठली.

काठावर आले. भाऊंनी हळूच विचारलं, "खाली काई दिसलं का? आमची हीर? कडूलिंब?"

"नाई, भाऊ."

"कुठून दिसन? खाली काई ठेवलंच नाई त्यायनं. तरी इचारलं."

मी मोबाईल घेतला, शीड गुंडाळलं. खाण बंद झाली. खड्डा बुजवायचं कुणाला आठवलं नाही, आणि आठवणारही नाही.

पोंभुर्ण्यात परतल्यावर व्हिडिओ पाठवला. लगेच कप्तानाचा फोन. "शाबास! जागा पक्की!" ज्यासाठी एवढी धडपड केली ते मिळालं, आणि मला आनंद म्हणून होईना.

"पण काय गो," तो हसत म्हणाला, "तुमच्याकडे एवढं खोल पाणी मिळालं कुठं?"

"मारोतीभाऊंच्या कापसात," मी म्हणाले.