देशावर जायचंय म्हणून

देशावर या शब्दाची मला आता शिसारी येते. इंदूरच्या आमच्यासारख्या मराठी घरांत तो उठता-बसता ऐकू यायचा. देशावर म्हणजे पुणे, वाई, सातारा; जिथून कुणाचे तरी पणजोबा संस्थानाच्या चाकरीला इकडं आले आणि परत गेलेच नाहीत, तो मुलुख. चार पिढ्या माळव्याचा गहू खाऊन झाला, घरात मराठीपेक्षा हिंदीच जास्त बोलून राहिलो होतो, तरी रिटायर झाल्यावर जायचं कुठं, तर देशावर. हे ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते कुणालाच पता नव्हतं.

आमचे हे कापडाच्या मिलमध्ये हेड क्लार्क होते, साळखात्यात, म्हणजे जिथं माग चालतात तिथं. मी मराठी शाळेत मास्तरीण. राहायला मिलचं क्वार्टर, दोन खोल्या आणि मागं मोरी. मिल जोरात होती तेव्हा पलासियाच्या पलीकडं सरकारी योजनेत कमी पगारवाल्यांना प्लॉट निघाले. तिथं तेव्हा नुसती काळी माती आणि बाभळी. मी फॉर्म आणला. पगार माझा त्यात बसत होता, म्हणून नाव माझं लागत होतं. हे म्हणाले, "अगं, कशाला इथं खुंटा ठोकतेस? आपल्याला देशावर जायचंय." आणि पन्नास पोरांना एका नजरेत गप्प बसवणाऱ्या मी तो फॉर्म घडी घालून फळीवर ठेवून दिला. यांच्यावर खापर फोडून मोकळं होता येईल, पण पेन माझ्या हातात होतं. त्या दिवसाची आठवण आली की माझी मलाच किळस येते.

मग मिल बंद झाली. एका दिवसात नाही. आधी रात्रपाळी गेली, मग एकेक खातं, मग एकदा वीज तोडली आणि माग जिथल्या तिथं थांबले. हे तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापर्यंत जायचे आणि पुढाऱ्यांची भाषणं ऐकून यायचे. पुढारी म्हणायचे, मिल चालू होणारच. ते म्हणताना त्यांच्या तोंडात पान असायचं, आणि ते पान थुंकायचे मिलच्याच भिंतीवर. क्वार्टरच्या गटारी कुणी काढेना, पावसाळ्यात मोरीतून उलटं पाणी घरात यायचं. त्यातच नोटीस आली की क्वार्टर रिकामं करा. माझ्या रिटायरमेंटला एक वर्ष राहिलं होतं. दोघांना मिळून उरलेलं आयुष्य काढायला एक जागा हवी होती, आणि ती आमच्याकडं नव्हती.

शहराला त्याच दिवसांत नवी जवानी फुटली होती. पलासियाला काचेची शोरूमं, जिकडंतिकडं फोनचे बूथ, भिंतीभिंतीवर जमिनीच्या जाहिराती. बाभळीच्या त्या रानात आता डॉक्टरांचे बंगले होते आणि भाव ऐकून आम्ही मान खाली घालून परत यायचो. एका रविवारी एक दलाल आम्हाला शहराबाहेर बेटम्याच्या रस्त्यावर जागा दाखवायला घेऊन गेला. रिटायर लोकांची खास कॉलनी म्हणे. सोयाबीनच्या शेतात एक बोर्ड, बोर्डावर पिकल्या केसांचं एक गोरंपान विलायती जोडपं हसत उभं. "अंकलजी, यहाँ मंदिर, यहाँ जॉगिंग ट्रॅक, यहाँ स्विमिंग पूल." जिथं पूल होणार तिथं एक म्हैस बसली होती. पिण्याचं पाणी कुठलं, विचारलं तर म्हणाला, "वो तो आ ही जाएगा, आंटीजी." गळ्यात टाय, बोटांना चटणी.

"बघ," हे परत येताना म्हणाले, "म्हणूनच मी म्हणतो, देशावर."

गेलो पुण्याला. यांच्या चुलतभावाकडं उतरलो. बरोबर दोन किलो शेव नेली होती, ती भावजयीनं चिमटीत धरून बघितली आणि "फार तेलकट असते नाही तुमच्याकडची" म्हणून वरच्या फडताळात टाकली. आम्ही असेतो ती खाली आली नाही. चुलतभावानं शहराबाहेर एक फ्लॅट दाखवला. एक खोली, स्वयंपाकघर, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचा संडासाचा पाइप. "पुण्यातच समजा, दादा," तो म्हणाला. संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "मी तर थकून राहिलो आज." चुलतभावाची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसून हसली. भावजय म्हणाली, "चालायचंच वहिनी, तुमचं सगळं हिंदी वळणावर गेलेलं." यांनी पुढं भात मागितलाच नाही, ताटात होतं तेवढ्यावर हात धुतले. माणूस आयुष्यभर ज्या गावाला आपलं म्हणत आला, तिथं त्याला भात मागायची लाज वाटायला लागली. मला यांची दया आली आणि संतापही आला, दोन्ही एकदमच.

परतीच्या गाडीत हे म्हणाले, "तिथलं पाणी जड आहे. आपल्याला मानवणार नाही." त्यापुढं पुण्याचं नाव निघालं नाही.

नोटिशीची मुदत संपत आली तेव्हा वरच्या मजल्याची बातमी आली. यांच्याच खात्यातला एक जॉबर होता, म्हणजे मागांवरचा मुकादम. त्याचे आजोबा महूला पलटणीत होते, घर बौद्ध. त्यानं पलासियाच्या त्याच योजनेत प्लॉट घेतला होता, हळूहळू घर बांधलं होतं, आणि आता वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या.

"त्यांच्याकडं?" हे म्हणाले. "वरच्या मजल्यावर?"

"वरच्याच," मी म्हटलं, "खाली ते राहतात."

"लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? लोक गेले सगळे क्वार्टरं सोडून."

हे भिंतीकडं तोंड करून बसले. मी एकटीच गेले.

जॉबरच्या बायकोनं दार उघडलं. क्वार्टरच्या लाइनीत आम्ही बावीस वर्षं पाच दारं सोडून राहिलो होतो. तिला लिहिता येत नव्हतं. रेशनचा अर्ज, पोरांचे दाखले, सगळं ती माझ्याकडून लिहून घ्यायची. प्लॉटचा फॉर्मसुद्धा मीच भरून दिला होता, माझा फळीवर पडला होता त्याच आठवड्यात. वर तिला बजावलंही होतं, सोडू नको म्हणून. खोल्या तिनं दाखवल्या. हवा होती, ऊन होतं, नळ आत होता. मग न राहवून म्हणाली, "बाई, मला सांगितलंत, मग तुम्ही का नाही घेतला तेव्हा?"

"आम्हाला देशावर जायचं होतं ना," मी म्हटलं. म्हणतानाच ते बोलणं किती पोकळ आहे ते माझं मलाच ऐकू आलं.

"आमचं तसं नव्हतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आमच्या सासऱ्यांना कुणी विचारलं गाव कुठलं, तर ते म्हणायचे, गावानं आम्हाला वेशीबाहेर ठेवलं होतं, परत कुठं जायचं? जे काय ते इथंच."

ती चहा घेऊन आली आणि कपबशी हातात धरून उभीच राहिली. "चालेल ना, बाई?"

बावीस वर्षांत मी तिच्या घरी पाणी प्यायले नव्हते. ती घ्या म्हणायची, मी म्हणायचे, आज उपास आहे. आठवड्याला सात उपास असल्यासारखी म्हणायचे, आणि तिला ते कळायचं. पुण्याच्या भावजयीनं शेव चिमटीत धरली तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी तर हिच्याकडचा कप चिमटीतसुद्धा धरला नव्हता. ती मात्र अजून विचारत होती, चालेल ना. तोंड लपवायला जागा असती तर लपवलं असतं. मी चहा घेतला, आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.

सामान हलवलं त्या दिवशी ती खाली आम्हा दोघांसाठी स्वयंपाक करून बसली होती. यांनी पोट बिघडल्याचं सांगितलं. वर आल्यावर खालच्या आवाजात म्हणाले, "तू खाल्लंस त्यांच्याकडं?"

"पोटभर."

"पुण्याला कळलं तर?"

मिल गेली, क्वार्टर गेलं, पुण्यात पोरं तोंडावर हसली, आणि या माणसाला अजून पुण्याची भीती. "तुम्हीच कळवा," मी म्हटलं. "नवा पत्ता द्यायचाच आहे. आपल्या नावाखाली जॉबरचं नाव घाला, द्वारा म्हणून. मी सांगते तसं लिहा."

ते टेबलाशी बसले, कार्ड पुढं ओढलं, "चि. भावास" लिहिलं आणि पेन ठेवून दिलं. त्याला आता सहा वर्षं झाली. तेवढ्या काळात क्वार्टरं पाडून जागा सपाट झाली. चुलतभावाचं दिवाळीचं पत्र अजून तिथल्याच पत्त्यावर येतं. पोस्टमन ओळखीचा, तो इकडं आणून देतो. खाली जॉबरची बायको ते घेते आणि वर माझ्याकडं पाठवते. हे उत्तर लिहितात, आणि वरती आपला पत्ता घालतात त्या पाडलेल्या क्वार्टरचा.